गाजरगवत, शिंक आणि सुटलेला लगाम

१/५
निफाडच्या बांधांवर पावसाळ्यात फुलणारे गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. १९५५ साली ते पुण्यात आढळले. आयात गव्हाबरोबर आले, असे मानले जाते. त्याचा पराग श्वासात जाताच निंदणी करणाऱ्या एकीला शिंकांचा झटका येतो, शेजारणीला काहीच होत नाही. असे का?

२/५
१९२१ साली प्राउस्निट्झ यांनी, मासे न सोसणाऱ्या क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचला. दुसऱ्या दिवशी तेथेच माशाचा अर्क टोचताच गांध उठली. दोषाचे मूळ रक्तातील घटकात होते.

३/५
१९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने अमेरिकेत तो प्रतिपिंड ओळखला. १९६८ मध्ये त्याचे ‘आयजीई’ असे नामकरण झाले.

४/५
आयजीई घडवण्याचा संदेश बी-पेशींना टी-पेशींकडून मिळतो. नियामक टी-पेशी त्यास आवर घालतात. हा लगाम सुटला, की निरुपद्रवी परागही शत्रू ठरतो.

५/५
१९११ मध्येच लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये गवताच्या परागाचा अर्क, मात्रा वाढवत, रुग्णांना टोचला होता. अशा उपचाराने नियामक पेशी बळावतात, हे कित्येक दशकांनी उमगले. उपाय आधी सापडला; कारण मागाहून.