सतरा सप्टेंबर: मुक्ती कोणापासून?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. आपला मराठवाडा मात्र आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यातच होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. म्हणून त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो, स्वामी रामानंद तीर्थांचं स्मरण करतो.

आता बघा, दिवस एकच, पण नावं किती! आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिन, कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. २०२२ मध्ये तेलंगण सरकारने त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटलं, तर केंद्राने हैदराबाद मुक्ती दिन.

वाद का होतो? ‘मुक्ती’ म्हटलं की ‘कोणापासून?’ हा प्रश्न येतोच. आम्ही म्हणतो, राजवटीपासून, शेजाऱ्यापासून नव्हे. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांना विरोध करून विलीनीकरणाची बाजू मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पोलिस कारवाईच्या काळात मुसलमानांवर झालेले अत्याचार पुढे सुंदरलाल समितीने नोंदवले. रझाकारांचा जुलूम सांगायचाच, पण शाळेतल्या मुलांना या दोन गोष्टीही सांगाव्यात, एवढीच विनंती.