राधानगरी : तळ्याच्या कामासाठी वसलेले गाव

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयीचा खंड 1886 साली छापला गेला. त्यात राधानगरी शोधू नये, कारण हे गाव तेव्हा नव्हतेच. लक्ष्मी तलावही नव्हता. फोंडा घाटाने कोकणात उतरणारी वाट, भोगावतीचे खोरे आणि दाजीपूरचे दाट रान एवढे मात्र होते. आज शनिवार-रविवारी येणारा पाहुणा गाव, तळे आणि जंगल एका दमात पाहतो, पण कागदांत या तिन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लागतात.

सुरुवात दुष्काळापासून धरावी लागते. शाहू महाराज 1894 साली कोल्हापूरच्या गादीवर आले. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ त्यांना राज्याच्या पहिल्या सहा वर्षांतच पाहावे लागले. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेला गेले, आणि संस्थानाचे पाटबंधारे धोरणही त्याच सालचे आहे. भोगावतीवर धरण बांधण्याचा बेत 1907 मध्ये ठरला, 1909 मध्ये काम सुरू झाले. म्हणजे राधानगरी वसली ती पाण्याच्या कामासाठी. हवा खायला येणाऱ्यांचा विचार त्यामागे नव्हता.

गावाला नाव मिळाले महाराजांच्या कन्येचे, राधाबाई उर्फ आक्कासाहेबांचे. तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. वडील जयसिंगरावांच्या नावाने जयसिंगपूर वसवणाऱ्या राजाची ही रीतच होती. आक्कासाहेबांचे लग्न 1908 मध्ये थोरल्या पातीच्या देवासचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी झाले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर पुढे 1921 मध्ये ज्यांचे खासगी चिटणीस होते, तेच हे तुकोजीराव. हा संसार टिकला नाही, राणीसाहेब कोल्हापूरला परतल्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह 1947 मध्ये दत्तक येऊन शहाजी छत्रपती झाले. जिच्या नावाने गाव वसले, तिचाच मुलगा कोल्हापूरचा अखेरचा सत्ताधारी राजा ठरला. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

धरणाची भिंत मात्र इतक्या वर्षांत पुरी झाली नव्हती. 1918 पर्यंत ती 40 फुटांवर आली, 14 लाख रुपये खर्ची पडले आणि काम थांबले. तेवढ्या भिंतीमागे 600 दशलक्ष घनफूट पाणी साठू लागले. महाराज 1922 मध्ये गेले. पुरे झालेले धरण त्यांनी कधी पाहिलेच नाही, हे शाहू जयंतीच्या भाषणांत क्वचितच सांगितले जाते. उरलेले काम विलीनीकरणानंतर, 1950 च्या दशकात संपले. आज तलावाची साठवण 8.36 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, 1918 च्या साठ्याच्या जवळजवळ चौदा पट. फेजिवडे येथील या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. ते उघडल्याची बातमी आली की पंचगंगेकाठची गावे सावध होतात.

गावाला पर्यटनाचा चेहरा आला तो सर्वांत शेवटी. 1958 मध्ये दाजीपूरचे शिकारीचे रान गव्यांसाठी अभयारण्य झाले. 1985 मध्ये ते 351 चौरस किलोमीटरपर्यंत वाढवून त्याला राधानगरीचे नाव दिले गेले, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेले. पाण्याने वेढलेला महाराजांचा बेनझर व्हिला, हत्तीमहाल, उन्हाळ्याच्या शेवटी चमकणारे काजवे यांसाठी आता लोक येतात. पण भोगावतीकाठचे परिते आणि त्याच्या आसपासच्या शिवारातला ऊस अजूनही या गावाचे मूळ कारण सांगतो.

हा सारा इतिहास दरबाराच्या आणि सरकारच्या कागदांवरून उभा राहतो. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांचे कागद घरोघरच्या पेट्यांत असण्याचा संभव आहे. राधानगरी-फेजिवडे परिसरात कोणाकडे जमीन-मोबदल्याच्या पावत्या, सनदा, अर्जांच्या नकला असतील, तर त्यांची प्रत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जरूर द्यावी.