पश्चात्ताप, ख्रिस्ती

केलेल्या पापाबद्दल खंत, देवापुढे त्याची कबुली व जीवनाला नवे वळण, या तिन्ही गोष्टींना मिळून ख्रिस्ती धर्मात पश्चात्ताप म्हणतात. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारची दुःखे सांगितली आहेत : एक तारणाकडे नेते, दुसरे मरणाकडे. येशूला नाकारणारा पेत्र रडला आणि पुढे मंडळीचा आधार झाला. येशूला धरून देणारा यहूदा मात्र खंतीतच संपला. फरक क्षमेवरील विश्वासाचा आहे. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूजवळ पापनिवेदन हा संस्कार आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत थेट देवाजवळ व उपासनेत सामुदायिक कबुली देतात. दुखावलेल्या माणसाशी समेट आणि शक्य ती भरपाई यांनाही महत्त्व आहे. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ पश्चात्तापासाठी विशेष मानतात.

महाराष्ट्रातील सोलापूर भागात हा विचार मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतून रुजला. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीत शेकडो मुली व स्त्रियांनी पापकबुली देऊन प्रार्थना केली. जीवनाला मिळालेल्या नव्या वळणाचे एक उदाहरण टिळक दांपत्याचे आहे. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरात विरहात राहिल्या. पुढे पती-पत्नी एकत्र आले व 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ही वाटचाल त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे.

क्षमा मिळाल्याने चुकांचे परिणाम पुसले जात नाहीत. ते निस्तरण्याचे बळ मात्र मिळते, अशी ही श्रद्धा आहे.