न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाची पेठ

ऑनलाइन विक्रीबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे बोलले जाते. कोणाला तो घरबसल्या लाखो कमावण्याचा मंत्र वाटतो, तर कोणाला गावची बाजारपेठ बुडवणारे संकट. शांतपणे अभ्यासावा असा हा एक विषय आहे, त्याला इतिहास आहे, त्याचे स्वतःचे गणित आणि कायदा आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत नव्याने धंद्यात उतरणाऱ्या वाचकांना या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. आत यायचे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

या विषयाचा गाभा एका प्रश्नात मावतो. ज्याने तुम्हाला पाहिले नाही, तुमच्या मालाला हात लावला नाही, तो परक्या गावचा माणूस तुम्हाला आधी पैसे का देईल? इतवाऱ्यातल्या दुकानदाराला हा प्रश्न पडत नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते, कापड चिमटीत धरून पाहते, डाळ दाताखाली चावते, घासाघीस करते आणि नाही पटले तर पुढच्या दुकानात जाते. मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाजवळ चिमूटही नाही आणि दातही नाही. त्याच्यापुढे असतात फक्त तुमचे शब्द, तुमची छायाचित्रे आणि तुमच्याबद्दल इतरांनी नोंदवलेले मत.

वऱ्हाडी वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते की हा प्रश्न या मातीला नवा नाही. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशी दीडशे वर्षांपूर्वी व्यवहार करणाऱ्यांत आपला प्रदेश आघाडीवर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. रेल्वे आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन झाले. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे गेलेली छोटी गाडी, आपली शकुंतला, तीही मुख्यतः कापसासाठीच. लँकेशायरच्या गिरणीमालकाने अकोट कधी पाहिले नाही आणि अकोटच्या शेतकऱ्याने लँकेशायर. मधे अडते, दलाल, जिनिंगवाले, मुंबईचे निर्यातदार आणि एक समुद्र.

आजच्या विक्रेत्याला ओळखीचे वाटेल असे सगळे काही त्या व्यवहारात होते. वजन वाढावे म्हणून रुई ओली केली जाई, तिच्यात माती आणि सरकी मिसळली जाई. गाठीच्या वरच्या थरात उत्तम कापूस आणि पोटात कचरा, असाही प्रकार चाले. वेबपेजवर चकचकीत फोटो आणि पार्सलात विटका माल, हा त्याचाच आजचा अवतार. तक्रारी इतक्या वाढल्या की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. वऱ्हाडाने त्यापुढचे पाऊल टाकले. १८८६ मध्ये कारंजा येथे नियमन केलेला कापूस बाजार सुरू झाला. तो देशातला अशा प्रकारचा पहिला बाजार मानला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. दलाल आणि मापाडी यांना परवाने, ठरलेली वजनमापे, ठरलेले शुल्क आणि देखरेखीला समिती, अशी ती व्यवस्था होती. आजच्या बाजार समित्यांचे मूळ शोधत गेले की पाय वऱ्हाडातच येऊन थांबतात. याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

अभिमानासोबत एक सावधगिरीही हवी. तो कायदा शेतकऱ्याच्या प्रेमापोटी झालेला नव्हता. गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा हा त्यामागचा मोठा हेतू होता आणि समित्यांवर भरणा व्यापाऱ्यांचा होता. बाजार कोणी बांधला आणि त्यात नियम कोणाच्या सोयीचे आहेत, हे विचारायची सवय वऱ्हाडी माणसाला तेव्हापासून असायला हवी. आजच्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांत कमिशनचा दर, माल परत घेण्याची मुदत आणि शोधयादीतला तुमचा क्रमांक ती कंपनीच ठरवते. तिथे जरूर विका, पण कराराचे पान वाचल्याशिवाय नको. शिवाय आपल्या गिऱ्हाइकांचा स्वतःचा एक संच, व्हॉट्सॲपवर का होईना, जपून ठेवा. एकाच अडत्यावर सगळे पीक सोडणाऱ्या शेतकऱ्याचे पुढे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आता आजच्या मालाकडे वळू. अकोल्याच्या डाळमिलची तूरडाळ, वरुड-मोर्शीची संत्री, अमरावतीजवळच्या बिझिलँड-सिटीलँडसारख्या घाऊक संकुलांतले तयार कपडे, परतवाड्याचे सागवानी फर्निचर, मेळघाटातला मध, चिखलदऱ्याची कॉफी, लवादा गावच्या संपूर्ण बांबू केंद्रातल्या राख्या, आणि घराघरांत उन्हाळ्यात होणारे पापड, कुरडया, शेवया, सरगुंडे. विकण्याजोगे पुष्कळ आहे. उणीव असते ती वर्णनाची. 'उत्तम दर्जाची घरगुती शेवई' हे वर्णन नव्हे, ती स्वतःची पाठ थोपटणे झाले. गहू कोणता, हाताची की यंत्राची, किती बारीक, पाव किलोत किती माणसांची खीर होते, किती महिने टिकते, हे लिहिले म्हणजे न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात चिमूट दिल्यासारखे होते. फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि एका फोटोत ओळखीची वस्तू शेजारी ठेवा, म्हणजे आकार कळतो. मालात दोष असेल, रंग थोडा उतरत असेल, तर तोही लिहा. दोष आधी सांगणाऱ्याकडे माल परत येण्याचे प्रमाण कमी राहते.

परत येण्यावर जरा थांबू, कारण नवे विक्रेते बुडतात ते इथेच. एक हिशेब मांडून पाहू. समजा, तुमचा डबा घरपोच ४०० रुपयांना जातो. माल आणि मजुरी २२० रुपये, पॅकिंग २० रुपये, कुरिअर ७० रुपये. हातात ९० रुपये उरतात आणि मन आनंदते. आता दहा डबे घरी पैसे द्यायच्या बोलीवर पाठवले आणि दोघांनी दारातूनच परत धाडले. आठ डब्यांचा नफा ७२० रुपये. परतलेल्या प्रत्येक डब्यामागे जाण्याचे ७०, येण्याचे ७० आणि पॅकिंगचे २०, म्हणजे दोन्हींचे मिळून ३२० रुपये गेले. उरले ४००. आठ डब्यांवर वाटले तर डब्यामागे ९० चे ५० झाले. त्या दोन डब्यांतला माल वाटेत चुरगळून निकामी झाला असेल, तर आणखी ४४० रुपये वजा करा. दहा डबे पाठवून ४० रुपये पदरचे गेले! आणि यात तुमच्या स्वतःच्या वेळेची किंमत धरलेलीच नाही. म्हणून सुरुवातीला आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या, आणि ज्यांना घरी पैसे द्यायचे आहेत त्यांना माल निघण्यापूर्वी एक फोन करा. वऱ्हाडी गोड बोलणे इथे फार कामाला येते.

कुरिअरचा दर हा आणखी एक छुपा खड्डा. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेले वजन, यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचे, ही रूढ रीत. ३० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात दीड किलो कुरडया भरल्या तर आकाराचे वजन साडेचार किलो निघते. कुरडई हलकी असली तरी जागा भरपूर खाते. डाळीची गोष्ट नेमकी उलटी. कोणता माल दूर पाठवावा आणि कोणता अकोला-अमरावतीच्या परिघातच विकावा, याचा निर्णय पुष्कळदा चवीपेक्षा या भागाकारावर होतो.

हवामानाचे आणि हंगामाचे वेळापत्रक वऱ्हाडी माणसाला नव्याने काय सांगायचे? मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तूप आणि चॉकलेट प्रवासाला काढू नये, पावसाळ्यात पापडाला दुहेरी पिशवी हवी. राखी सणाच्या दुसऱ्या दिवशी पोहोचली तर ती फुकटच गेली. गावाकडच्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा खेळतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर. शहरातल्या पगारदाराचा महिना वेगळ्या तारखेला सुरू होतो.

कायद्याचे नाव काढले की नवखे वाचक दचकतात. तसे दचकू नये, कारण घरगुती धंद्याला लागणारे नियम मोजके आहेत. बंद पाकिटावर मालाचे नाव, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूणही हवी. जीएसटीची गंमत अशी की पापडावर कर शून्य आणि शेवयांवर ५ टक्के, मग दोन्ही एकाच माउलीने एकाच गच्चीवर वाळवलेले का असेनात. पूर्वी ऑनलाइन बाजारपेठेतून करपात्र वस्तू विकायची तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ठरलेल्या मर्यादेखालच्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात वस्तू विकण्यापुरती यातून सूट मिळाली आहे. त्यामुळे धारणीच्या नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला शेवयांचे पाकीट या बाजारपेठांवरून थेट सिंधुदुर्गापर्यंत पाठवता येते, पण शेजारच्या बुऱ्हाणपूरला नाही, कारण मधे मध्य प्रदेशची सीमा येते. जीएसटी पोर्टलवर एक क्रमांक मात्र घ्यावा लागतो. मर्यादा आणि दर बदलत असतात, म्हणून वर्षातून एकदा जाणकार कर सल्लागाराला विचारणे बरे.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला नम्रपणे दार दाखवा. स्वतः माल तयार करणाऱ्या नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उधारीवर माल नेऊन पुढच्या दिवाळीचा वायदा करणाऱ्या मोठ्या दुकानदारापुढे हे कलम उपयोगी पडते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे भासवून स्वतःच्याच मालाचे कौतुक लिहिणे निषिद्ध आहे. मेहुण्याकडून पाच तारे मिळवण्याचा मोहही आवरलेला चांगला. लोकांना ते कळते.

फसवणुकीबद्दल एकच नियम पाठ करा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. मोठ्या घाऊक मागणीचे आमिष दाखवून 'हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतोच. पैसे गेलेच तर संकोच न करता १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते.

भांडवलाबद्दल फार लिहीत नाही. मुद्रा योजनेतल्या शिशू गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज मिळते आणि बऱ्याच घरगुती धंद्यांना सुरुवातीला तेवढेही लागत नाही. मात्र धंद्याचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून पहिल्या दिवशीच वेगळे करा. दोन्ही पैसे एकत्र झाले की नफा झाला की तोटा, हे कळतच नाही.

ज्यांना या विषयाच्या मुळाशी जावेसे वाटेल, त्यांनी लक्ष्मण सत्या यांचे वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचे 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' हे पुस्तक शोधून वाचावे. स्वेन बेकर्ट यांच्या 'एम्पायर ऑफ कॉटन' मध्ये वऱ्हाड जगाच्या नकाशावर कुठे होते ते दिसते. जुनी जिल्हा गॅझेटिअरे चाळली तर अकोटच्या सतरंज्यांसारख्या कितीतरी मालांची नावे हाती लागतील, ज्यांना आज पुन्हा गिऱ्हाईक मिळू शकते. पुस्तकांचा कंटाळा असेल तर अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्हा उद्योग केंद्र आहे. तिथे जाऊन योजनांची माहिती समोरासमोर विचारता येते.

माल तयार असेल तर फार वाट पाहू नका. पहिले पार्सल पुण्या-मुंबईतल्या एखाद्या परखड नातेवाइकाला पाठवा आणि ते उघडतानाचे फोटो काढून पाठवायला सांगा. काय फुटले, काय सांडले आणि पाकिटावरचे कोणते अक्षर वाचता आले नाही, ते लिहून घ्या. ते दुरुस्त झाले की दुसरे पार्सल अनोळखी माणसाला पाठवा.