कॅमेऱ्यात अडकलेली फ्लॉपी

सुरुवातीला जो आवाज ऐकवला ना, घर्र... टक टक टक... घर्र, तो मिक्सरचा नाही. तो एक फोटो सेव्ह होण्याचा आवाज आहे. सेव्हचं ते चौकोनी चिन्ह आपण रोज बघतो, पण ती फ्लॉपी हातात घेतलेले आपल्यात थोडेच असतील. एके काळी कॅमेरे त्या फ्लॉपीवर फोटो साठवायचे, आणि कधी कधी ती आतच अडकून बसायची. माझ्या मामाच्या कॅमेऱ्यात एक फ्लॉपी वीस वर्षांहून जास्त काळ अडकलेली होती. आजचा भाग तिच्यामुळे.

मामाचा मुक्ताईनगरला फोटो स्टुडिओ होता. (जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात.) मुंबईहून कुणाकडून तरी त्यानं जुना सोनी मॅविका घेतला होता. २००३ च्या ज्येष्ठात कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली, तेव्हा त्यानं प्रस्थानाचे फोटो काढले. आजी दिंडीत होती. तिची ती शेवटची वारी. संध्याकाळी मामानं बटण सरकवलं, फ्लॉपी अर्धा सेंटिमीटर वर आली आणि थांबली. पक्कड लावली, थोडं ओढलं, आतून कट्ट असा आवाज आला. मामा घाबरला आणि कॅमेरा डब्यात ठेवून दिला. तो तिथंच राहिला.

आता जरा मागे जाऊ. मॅविका हे नाव १९८१ चं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोनीच्या अकिओ मोरिता यांनी टोकियोत फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा दाखवला. तो डिजिटल नव्हता बरं का. दोन इंची चुंबकीय चकतीवर तो टीव्हीसारखा अ‍ॅनालॉग सिग्नल नोंदवायचा, एका चकतीवर ५० चित्रं. गंमत म्हणजे सोनीची साडेतीन इंची फ्लॉपीही त्याच वर्षीची. पण या दोघांची गाठ पडायला १९९७ उजाडलं. त्या वर्षी डिजिटल मॅविकाची एफडी-५ आणि एफडी-७ ही मॉडेल्स आली. चित्र ६४० बाय ४८० पिक्सेलचं आणि साठवण थेट फ्लॉपीवर. (मी पण १९९७ चाच, त्यामुळे थोडा पक्षपात होणार.)

आज हे वेडगळ वाटतं. पण १९९७ मध्ये कॅमेऱ्यातून फोटो कॉम्प्युटरमध्ये आणायचा म्हणजे मागे सिरियल केबल खुपसायची, सीडीवरून सॉफ्टवेअर टाकायचं आणि एकेक फोटो सावकाश उतरताना बघत बसायचं. मेमरी कार्ड महाग, ते वाचायचं यंत्र वेगळं, यूएसबी अजून घरोघरी नाही. फ्लॉपीचा खाचा मात्र प्रत्येक कॉम्प्युटरला होता. काढली, घातली, फोटो उघडला. मला विचाराल तर त्या काळातली ती सगळ्यात शहाणी कल्पना होती. आपल्याकडे तर डीटीपीवाले लग्नपत्रिकासुद्धा फ्लॉपीवर घेऊन छापखान्यात जायचे.

जागा किती? दोन बाजू, प्रत्येकीवर ८० ट्रॅक, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० बाइट. तुमच्या फोनचा एक चांगला फोटोसुद्धा यात मावणार नाही. मॅविकात दर्जाप्रमाणे पंधरा-वीस ते चाळीसेक फोटो बसायचे. त्यामुळे लग्नात फोटोग्राफरच्या खिशात फ्लॉप्यांची चळत, आणि दर अर्ध्या तासाला काढ-घाल.

आणि गोची या काढ-घालीतच होती. फ्लॉपीच्या एका कडेला सरकतं पत्र्याचं झाकण असतं. फ्लॉपी आत गेली की ड्राइव्हमधली दांडी ते बाजूला सारते, फ्लॉपी खाली मोटरवर बसते, आणि दोन हेड दोन्ही बाजूंनी चकतीला टेकतात. बाहेर काढताना हेड आधी उचलले जातात, फ्लॉपी वर येते, स्प्रिंगनं झाकण मिटतं. सगळा खेळ मिलिमीटरच्या अंशांचा. फ्लॉपीची जाडीच ३.३ मिलिमीटर, आणि कॅमेऱ्यात ड्राइव्ह चपटा, लॅपटॉपमधल्यासारखा.

आता त्यात शर्टाच्या खिशात वाकलेलं झाकण घाला. पत्र्याची कड ड्राइव्हच्या चौकटीत अडकते, आणि अशा वेळी ओढलं तर वरचा हेडच पत्र्यात गुंतून हलतो. कधी झाकणाची बारीक स्प्रिंग सुटून आत पडते. कधी लेबलवर लेबल चिकटवलेलं असतं, उन्हानं गोंद मऊ होतो, कोपरा सुटतो आणि छताला चिकटतो. कॅमेरा चांगला असून उपयोग नाही, कारण त्यात जगातली कुठलीही फ्लॉपी शिरणार, कुणीही कशीही वापरलेली. जी गोष्ट त्याची ताकद होती, तिथूनच हे दुखणं आत यायचं. न अडकताही एक त्रास होता. हेड जरासा सरकला, तर कॅमेरा स्वतःचे फोटो वाचतो, पण कॉम्प्युटर फ्लॉपी नाकारतो. दोन ट्रॅकमधलं अंतरच ०.१८८ मिलिमीटर.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९९८ चा आयमॅक फ्लॉपीशिवाय आला. २००० मध्ये सोनीनंच आठ सेंटिमीटरच्या सीडीवर लिहिणारा मॅविका काढला. मग कार्डं स्वस्त झाली. मार्च २०११ मध्ये सोनीनं जपानमधली फ्लॉपीची विक्रीही थांबवली.

गेल्या दिवाळीत मी मामाचा डबा उघडला. मामा म्हणाला, "जोर नको लावू, भो. मी लावलाय एकदा." बॅटरी काढली, स्क्रू काढले. आत मामाचीच दोन लेबलं एकावर एक, वरच्याचा कोपरा गुंडाळलेला, आणि झाकण वाकलेलं. जुन्या निगेटिव्हची पट्टी कापून ती झाकण आणि चौकटीच्या मध्ये सरकवली. चाळीस मिनिटांनी फ्लॉपी मोकळी झाली. तिचं कवच उकलून आतली तपकिरी चकती दुसऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली आणि यूएसबी ड्राइव्हला लावली. एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला. घर्र... टक टक टक. सुरुवातीला ऐकलात तो आवाज हाच.

सतरा फोटोंपैकी अकरा पूर्ण आले. पालखी, पताका, टाळकरी, स्टुडिओसमोरची गर्दी. आजीचा फोटो एकच होता आणि तो वरच्या चौथ्या भागापर्यंतच आला. आभाळ, तुळशीवृंदावनाचं टोक, खाली सपाट राखाडी. पक्कडीनं हलवलेला हेड बहुधा तिथंच घासला होता. मामा काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी फायलींची यादी बघताना लक्षात आलं, प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची एक बारकी फाइल आहे, शेवटी ४११ असं लिहिलेली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकदम सहा फोटो दाखवायला मॅविका प्रत्येकाची छोटी प्रतिमा वेगळी साठवायचा. ६४ बाय ४८ पिक्सेल, ४,६०८ बाइट, म्हणजे बरोबर नऊ सेक्टर. ते नऊही सेक्टर वाचले गेले होते. ती उघडायला वीस ओळींचा कोड लिहिला.

नखाएवढं चित्र. हिरवं नऊवारी, डोक्यावर काहीतरी, चेहऱ्याच्या जागी आठ-दहा पिक्सेल. मी ते मोठं करत गेलो तसे चौकोन दिसायला लागले. मामानं फोन हातातून घेतला, परत लहान केलं, लांब धरून बघितलं. "हीच," म्हणाला. "तुळस घेतलीय बघ डोक्यावर."