कौलांच्या भट्टीवर पुस्तकांचा बाजार

१७६६ सालची गोष्ट. कोरियाच्या राजाचे शिष्टमंडळ बीजिंगला आले होते. त्यातला एक लष्करी अधिकारी चांगला चष्मा शोधत लिऊलीछांग नावाच्या रस्त्यावर हिंडत होता. तिथे त्याला दोन चिनी पंडित दिसले. हांगचौहून राजदरबाराच्या परीक्षेसाठी आलेल्या त्या दोघांच्याही नाकावर चष्मे होते. ‘विकता का?’ असे त्याने विचारले, तर एकाने चष्मा उतरवून त्याच्या हातावर ठेवला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. ही हकीकत शिष्टमंडळातल्या होंग दे-योंग या विद्वानाच्या कानावर गेली आणि तो त्या दोघांना भेटायला गेला. एकमेकांची बोली कळत नव्हती, पण चिनी लिपी तिघांनाही येत होती. मग कागद पसरले, कुंचले शाईत बुडाले आणि तासन्‌तास लेखी गप्पा रंगल्या.

अशी मैत्री जुळावी तर याच रस्त्यावर. कागद, शाई, कुंचला आणि शाई घोटायचा दगड यांना चिनी लोक अभ्यासिकेची चार रत्ने म्हणतात. ती इथे दुकानोदुकानी मांडलेली असत.

रस्त्याच्या नावात मात्र लिखापढीचा मागमूसही नाही. ‘लिऊली’ म्हणजे चकाकती, झिलईदार कौले आणि ‘छांग’ म्हणजे कारखाना. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला मिंग सम्राटाने बीजिंगमध्ये राजवाडा उभारला, तेव्हा त्याची कौले इथल्या भट्ट्यांतून जात. पुढे भट्ट्या शहराबाहेर पश्चिमेकडे गेल्या आणि नाव तेवढे मागे राहिले.

पुस्तकवाले इथे जमले ते एका हुकुमामुळे. १६४४ मध्ये मांचू लोकांनी बीजिंग घेतले आणि चारच वर्षांत हान चिन्यांनी आतले शहर सोडावे असे फर्मान निघाले. हान अधिकारी, कवी, ग्रंथसंग्राहक असे सगळे दक्षिणेच्या वेशीबाहेर राहायला आले. प्रांतोप्रांतीच्या मंडळींनी आपापल्या माणसांसाठी बांधलेल्या धर्मशाळाही त्याच भागात होत्या. दर तीन वर्षांनी परीक्षार्थींचे लोंढे तिथे उतरत. वाचणारा माणूस असा एका जागी गोळा झाल्यावर दुकानदाराला आणखी काय हवे?

१७६९ मध्ये ली वनझाओ नावाचा एक अधिकारी नेमणुकीची वाट पाहत राजधानीत बसला होता. त्या रिकाम्या महिन्यांत तो इथली दुकाने पालथी घालत राहिला आणि शेवटी त्याने त्यांचा वृत्तांतच लिहून काढला. त्यात सुमारे तीस पुस्तक-दुकानांची नोंद आहे.

चारच वर्षांनी बाजाराला खरी भरती आली. छ्येनलुंग सम्राटाने देशभरातले ग्रंथ गोळा करून त्यांच्या हस्तलिखित प्रती करवण्याचे प्रचंड काम काढले. एकेका संचात छत्तीस हजारांच्या आसपास खंड, आणि असे सात संच! संपादक मंडळी सकाळी पोथ्या तपासत आणि दुपारी याद्या घेऊन लिऊलीछांग गाठत. कुठला पाठ कुठल्या आवृत्तीत सापडेल हे इथल्या मुरलेल्या विक्रेत्यांना तोंडपाठ असे. याच मोहिमेत राजवटीला खुपणारी हजारो पुस्तके जप्त होऊन जळाली, हेही विसरता येत नाही.

१९०५ मध्ये परीक्षाच बंद झाल्या आणि बाजाराचे हुकमी गिऱ्हाईक संपले. तरी जुन्या पुस्तकांचे शौकीन येत राहिले. लेखक लू शून १९१२ ते १९२६ या काळात बीजिंगमध्ये होता. त्याच्या रोजनिशीत इथल्या फेऱ्या आणि खरेदीचे हिशेब शेकड्यांनी सापडतात. पुढे शांघायला गेल्यावर त्याला घोर लागला तो लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रमय पत्रकागदांचा, कारण ती कारागिरी डोळ्यांदेखत विझत चालली होती. मग ग्रंथसंग्राहक झेंग झेनदुओने या गल्लीतल्या दुकानांतून नमुने जमवले आणि दोघांनी मिळून १९३३ मध्ये निवडक कागदांचा सहा खंडांचा संग्रह काढला. पहिल्या खेपेला प्रती फक्त शंभर.

छपाईचा भार उचलला तो रोंगबाओझाई या दुकानाने. १६७२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेल्या या पेढीने आजचे नाव १८९४ मध्ये घेतले. तिची पद्धत ऐकायला सोपी आहे. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून रंगागणिक वेगळी रेखाटने करायची, ती लाकडावर कोरायची आणि चित्रकार वापरतो तेच पाण्याचे रंग लावून एकेक ठसा हाताने उठवायचा. छी बाइशीसारख्या चित्रकारालाही आपले मूळ चित्र आणि इथली प्रत यांतला फरक ओळखता आला नाही, असे सांगतात. ‘हान शीझाईची रात्रमेजवानी’ या प्राचीन चित्राच्या प्रतीसाठी १,६६७ ठसे कोरावे लागले. हे काम १९५९ मध्ये सुरू होऊन १९७९ मध्ये हातावेगळे झाले. एवढ्या खटाटोपातून प्रती निघाल्या पस्तीस.

आज इथे येणाऱ्या पर्यटकाला करड्या विटांच्या भिंती, रंगीत तुळया आणि सोनेरी अक्षरांच्या पाट्या दिसतात. जुन्या वाटणाऱ्या यांतल्या बऱ्याच इमारती १९८० च्या दशकातल्या पुनर्बांधणीत उभ्या राहिल्या आहेत. चिनी नववर्षाला इथे भरणारी, कागदी भिरभिऱ्यांची आणि पाकवलेल्या आंबटगोड फळांच्या काड्यांची जत्राही मध्ये कित्येक वर्षे बंद पडली होती. ती २००१ मध्ये पुन्हा भरली. ठशांची छपाई २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेली. रोंगबाओझाईत नासपतीच्या लाकडावर आजही पाते चालते, आणि एका चित्राचे सगळे रंग जमेपर्यंत कागद पुन्हा पुन्हा त्याच जागी बसवावा लागतो.