मिटणाऱ्या टपाची कुळकथा

मोटारीचा मिटणारा टप घोडागाडीकडून आला. जर्मनीतल्या लांडाऊ गावावरून नाव पडलेल्या बग्गीला पुढून आणि मागून उचलून मधे जुळणारे दोन अर्धे टप असत. मुंबईत पुढे बराच काळ धावलेल्या व्हिक्टोरियाला मागून वर येणारा एकच टप असे. कमानींवर तेल पाजलेले कातडे ताणून बसवीत. पावसात ते जड होई, उन्हात वाळे आणि नेमके घडीच्या रेषेवर तडके. टपाच्या कापडाकडून दोन गुण मागितले जातात आणि दोन्ही एकमेकांच्या मुळावर येतात: पाणी झिरपणार नाही इतके ते घट्ट हवे, आणि पुन्हापुन्हा घडी घालूनही मोडणार नाही इतके लवचीक. गेल्या दोनशे वर्षांत आलेल्या प्रत्येक कापडाने यातले काहीतरी सोडवले आणि एखादे नवे दुखणे सोबत आणले.

पहिली मोठी उडी रबराची. ग्लासगोचा चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ मध्ये एक पेटंट घेतले. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचे, तो लेप कापडाच्या दोन थरांमध्ये द्यायचा आणि थर दाबून एकजीव करायचे, अशी ती रीत होती. रबर आत लपलेले आणि वर-खाली कापड, अशी ही रचना आधी रेनकोटासाठी होती. कच्चे रबर मात्र उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत काठीसारखे ताठ होई आणि लोकरीतल्या नैसर्गिक तेलाने खराबही होई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गंधक मिसळून रबर तापवण्याची युक्ती १८४० च्या दशकात पेटंटपर्यंत नेली, तेव्हा हे दुखणे आटोक्यात आले. मोटारी आल्या त्या वेळी टपाचे कापड असे तयारच होते.

सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्याच असत. १९१९ मध्येही अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी बंदिस्त गाड्या दहा टक्क्यांच्या आसपासच होत्या. अवजड टप चढवायला बहुधा दोन माणसे लागत, आणि बाजूंना बटणांनी अडकवायचे पडदे असत. त्या पडद्यांतल्या खिडक्या सेल्युलॉइडच्या. काही उन्हाळ्यांत त्या पिवळ्या पडून तडकत. आतली बैठक काळ्या कातड्याची, घोड्याचे केस भरलेली आणि बटणे ओढून खड्डे पाडलेली. कातडे निवडण्यामागे थाटमाट नव्हता, ते ओले झाले तरी पुसता येई एवढेच कारण होते. श्रीमंतांच्या बंदिस्त गाड्यांत तर पुढे उघड्यावर बसणाऱ्या चालकाला कातडे आणि मागे काचेआड बसणाऱ्या मालकाला उंची लोकरी कापड, अशी वाटणी असे. आज कातडी बैठकीसाठी जादा पैसे मोजले जातात, हे पाहता ही वाटणी गमतीची वाटते.

कातडे महाग होते आणि मोटारींची संख्या वाढत होती, म्हणून नकली कातडे आले. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोज, एरंडेल आणि रंग यांचे थरावर थर चढवायचे आणि रुळाखाली दाबून कातड्याचा पोत उठवायचा. ड्यूपाँटने १९१० मध्ये विकत घेतलेले फॅब्रिकॉइड या जातीचे होते. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात बनणारे रेक्झिनही त्याच घराण्यातले. मराठी घरांत सोफ्यापासून स्कूटरच्या सीटपर्यंत सगळ्याला ‘रेग्झीन’ म्हणतात ते त्या एका कारखान्याच्या मालाच्या नावावरून. आताचा माल रसायनाने अगदी वेगळा आहे. फोर्डने तर मॉडेल टीसाठी असले कापड स्वतःच्या कारखान्यातच बनवायला घेतले. या कापडाची अडचण उघड होती. नायट्रोसेल्युलोज म्हणजे स्फोटकांतल्या गनकॉटनचे सख्खे भावंड, ते चटकन पेट घेई.

१९२७ पर्यंत अमेरिकेतल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८५ टक्के बंदिस्त झाल्या. आतल्या कापडाची पावसातून सुटका झाली आणि अंगोरा बकरीच्या केसांचे मखमली मोहेर, लोकरी कॉर्ड, विणलेली नक्षी असा बाजार भरला. उघडी गाडी आता हौसेची वस्तू ठरली, आणि हौशी गिऱ्हाइकाला खाली उतरून टप ओढत बसणे नको होते. प्लिमथने १९३९ मध्ये इंजिनाच्या निर्वात दाबावर उघडमीट होणारा टप दिला. यंत्र कापडाला दरवेळी सारख्याच जागी आणि सारख्याच जोराने घडी घालते, त्यामुळे शिवण आणि घडीचा कोपरा यांवरचा ताण वाढला.

बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन याने १९२६ मध्ये पीव्हीसी मऊ करण्याची रीत शोधली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिनेच बाजार काबीज केला. हे मऊ पीव्हीसी म्हणजेच व्हिनाइल: स्वस्त, हव्या त्या रंगाचे, साबणपाण्याने धुता येणारे, आणि आतून-बाहेरून सारखेच उपयोगी. आपल्याकडच्या जीपचा आणि रिक्षाचा हूड, टॅक्सीच्या सीटा, बाजारपेठेतल्या ‘कुशन वर्क्स’च्या दारात टेकवलेले गुंडाळे, हे सगळे त्याच वंशाचे. त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य मात्र हळूहळू उडून जाते. नव्या गाडीच्या वासात त्याचा वाटा असतो, काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसतो तोही बराचसा त्याच्यामुळे, आणि ते संपत आले की टप आखडतो, ताठ होतो नि घडीवर फाटतो.

यावरचा उपाय म्हणून उत्पादक पुन्हा मॅकिन्टॉशच्या रचनेकडे वळले. वर अ‍ॅक्रिलिकचे विणलेले कापड, मधे रबर, खाली पॉलिएस्टरचे किंवा सुती अस्तर. अ‍ॅक्रिलिकचा धागा ओढण्याआधीच द्रवात रंग मिसळलेला असतो, त्यामुळे रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातो आणि उन्हात सहज उडत नाही. मधल्या थरासाठी १९३७ मध्ये शोध लागलेले ब्यूटाइल रबर सोयीचे ठरले, कारण त्यातून हवा आणि पाणी फार कमी झिरपते. अमेरिकेतली हार्ट्झ कंपनी विकते ते स्टेफास्ट हे असे तीनपदरी कापड. ब्रिटिश बाजारात अशाच टपाला अजूनही ‘मोहेर’ म्हणतात, त्यात बकरीचा एक केसही नसला तरी.

टप बदलताना करायची निवड या इतिहासातूनच येते. गाडी कारखान्यातून व्हिनाइल टप घेऊन निघाली असेल आणि ती प्रदर्शनात मांडायची असेल, तर त्याच पोताचे व्हिनाइल शोधावे लागते. परीक्षक टपाचा पोत आणि शिवणीची जागा दोन्ही पाहतात. रोज वापरायच्या गाडीला तीनपदरी कापड अधिक टिकाऊ आणि शांत. ते जाड असते, म्हणून मूळ चौकट आणि मागचा खळगा पातळ व्हिनाइलसाठी आखलेला असेल तर घडी नीट बसत नाही. खालच्या पट्ट्या आणि पॅडिंग जुनेच ठेवून नवा टप चढवणे ही खोटी काटकसर आहे, कारण कापडाचा आकार त्यांच्यावरच उभा राहतो. मागची खिडकी प्लॅस्टिकची की काचेची, हाही प्रश्न उरतोच. प्लॅस्टिक घडीत दुमडते पण धूसर होते. काच स्वच्छ राहते, पण तिच्यासाठी घडीत जागा हवी. कार्मान कंपनीने फोक्सवॅगन बीटलच्या १९४९ च्या कॅब्रिओलेत काच आणि जाड भरीव टप दिला, आणि त्याची किंमत म्हणून मिटलेला टप मागे गठ्ठ्यासारखा उंच राहिला. सुती दोऱ्याची शिवण ओलीने कुजते, म्हणून पॉलिएस्टर दोराच वापरतात. कापड कोणतेही असो, टप ओला असताना मिटला की अस्तराला बुरशी धरते.

आतल्या कापडाची निवड उघड्या गाडीत आणखी अवघड. उघडा टप म्हणजे सीटांवर थेट ऊन, कधी अचानक सरही. म्हणून रंगाचे टिकणे घर्षण सोसण्याइतकेच पाहावे लागते. मखमली कापड कापताना लव एकाच दिशेला ठेवली नाही, तर शेजारशेजारच्या दोन सीटा दोन रंगांच्या दिसतात. कापड एकाच लॉटमधून आणि थोडे जास्त घेणे शहाणपणाचे, कारण पुढच्या लॉटची छटा क्वचितच जुळते. कारखान्याची जुनी नक्षी मिळवणे सर्वांत कठीण. गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांनी १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसाठी आखलेल्या चौकड्यासारखी प्रसिद्ध कापडे पुन्हा विणली गेली, तेवढे भाग्य बहुतेक नक्ष्यांच्या वाट्याला येत नाही. आगीचा नियमही आहे: अमेरिकेत १९७२ पासून लागू झालेल्या मानकानुसार मोटारीच्या आतले कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरहून वेगाने जळता कामा नये. घरच्या सोफ्याचे किंवा पडद्याचे कापड गाडीत वापरण्याआधी ते या कसोटीला उतरले आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घेतात.